मामंजींचं चाउडर

३ मे १९७८, बुधवार

आज घरात दुधात मीठ घालण्यावरून जो गोंधळ झाला, तो लिहून ठेवायलाच हवा.

ही डायरी ह्यांनी तेजपूरहून सुट्टीवर येताना कँटीनमधून आणली होती. हे म्हणजे जोतीराम. (वहीत नाव घेतलं तर कोण ऐकतंय?) जानेवारीपासून कोरीच पडली होती, कारण लिहायचं काय? पहाटे शेण, दुपारी भाकरी, संध्याकाळी दिवाबत्ती. सांगलीत होते तेव्हा मॅट्रिकच्या वर्षी मी रोज चार पानं लिहायची. इथं आल्यापासून हात गंजला.

घरात आम्ही तिघं. मी, माझे सासरे सुभेदार लालासाहेब, ज्यांना मी मामंजी म्हणते, आणि त्यांची थोरली बहीण साळूबाई, म्हणजे आत्याबाई. त्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या आणि तेव्हापासून इथल्या चुलीच्या मालकीण आहेत. सासूबाई, मनुबाई, मार्गशीर्षात गेल्या. गेल्या महिन्यात पायरियामुळे मामंजींचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरल्याशिवाय कवळी बसत नाही, म्हणजे जूनअखेरपर्यंत मऊ खायचं. आणि मामंजी मऊ काही खात नाहीत. पेज नको, शिरा नको, दूधभात नको. ताट जसं जातं तसं परत येतं. काल उंब्रजच्या डॉक्टरांनी बजावलं, महिनाअखेर वजन वाढलं नाही तर कराडला दाखल करून नळीने अन्न घालावं लागेल. मामंजी म्हणाले, "मी कुठं जायाचो न्हाई. हितंच बरा हाय." बरे कुठले! शर्टाच्या गळ्यात आता दोन मानी मावतील.

तर आज दुपारी पेजेची वाटी परत आली आणि आत्याबाईंचा धीर सुटला. "आरं लाला, मग तुला पायजे तरी काय? त्वांडानं सांग की येकदा!"

मामंजी सोप्यात खुर्चीवर बसून विहिरीकडे बघत होते. तिथं म्हशींच्या वैरणीसाठी लावलेला उन्हाळी मका आता कणसावर आलाय. म्हणाले, "इटलीत हुतो तवा अमेरिकन गोरं वल्या मक्याचं येक करायचं. चाउडर. दुधात मका, बटाटा, कांदा, आनि कायबाय भाजी. दाट असतंय. दात नसलं तरी चालंल."

"ग्वाड?"

"न्हाई. मीठमिरी घालून."

झालं! आत्याबाईंनी दोन्ही हातांनी कान धरले. "दुधात मीठ? वर कांदा? आंगावर कोड उठंल बाबा! म्हस आटंल! असलं ह्या घरात व्हायाचं न्हाई."

मी दाराआड उभी होते. माझं लक्ष कोडाकडेही नव्हतं आणि म्हशीकडेही नव्हतं. महिनाभरात पहिल्यांदा मामंजींनी आपणहून एखाद्या खाण्याचं नाव घेतलं होतं. चाउडर! हा पदार्थ मी कधी पाहिला नाही, ऐकला नाही, पण मी करणार. सांगलीत आमच्या गल्लीत माझ्या हातची बासुंदी मागून नेत असत, चाउडर काय चीज आहे?

४ मे, गुरुवार

आज मी मामंजींशी बोलले! दोन वर्षांत पहिल्यांदा.

आमच्यात सून सासऱ्यासमोर उभी राहत नाही. काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, मग आत्याबाई त्यांना सांगणार, जरी ते चार हातांवर बसलेले असले आणि त्यांनी सगळं ऐकलेलं असलं तरी. त्यामुळे सकाळी मी दाराआडून म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना विचारा, बटाटे किती घालतात?"

"मी न्हाई इचारायची. असल्या पापात मला घिऊ नगंस." आणि उठून तडक गोठ्यात गेल्या.

आता मी दाराआड, मामंजी खुर्चीत, मध्ये कोणीच नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मग मामंजी खाकरले आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, "दोन बटाटं."

मी माझ्याकडच्या भिंतीला विचारलं, "आणि कांदे?"

"येक."

"आणखी काय असतं त्यात?"

भिंतीने बराच विचार केला. "तांबडं कायतरी तरंगायचं."

तांबडं म्हणजे टोमॅटो! मी पदर सावरून कामाला लागले. चूल परसात शेवग्याखाली तीन दगडांवर मांडावी लागली. भांडंही वेगळं, कानाशी चिरलेलं जर्मनचं पातेलं, जे परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. दुधावर तंटा झालाच. आत्याबाई चरवी धरून बसल्या. तेवढ्यात सोप्यातून आवाज आला, "आक्का, माज्या वाटणीचं तांब्याभर दूध तिला दे. मी त्यात मीठ घालीन न्हाईतर माती." असा परेडवरचा आवाज महिनाभर ऐकला नव्हता.

मका, बटाटा, कांदा, दुधी शिजवला, दूध ओतलं, मीठमिरी टाकली, इथपर्यंत बेस. मग टोमॅटो टाकला आणि सगळं दूध फुटलं. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. मला रडूच आलं. पण एक वाजून गेला होता, दुसरं काही केलेलं नव्हतं. आत्याबाई तर हातही लावेनात, म्हणून मीच तोंडावर पदर ओढून वाटी सोप्यात ठेवली आणि पळत आले.

थोड्या वेळाने वाटी परत आली. रिकामी. मामंजींनी भिंतीला सांगितलं, "जवळ आलंय. पन त्ये न्हवं."

जवळ आलंय! पहिल्याच फटक्याला!

५ मे, शुक्रवार

टोमॅटो रद्द. मामंजींना विचारलं, तांबडं म्हणजे नक्की काय? तर म्हणतात, "तांबडं? मी पिवळं म्हनलो आसंन." बरं बाई, पिवळं. हळद घातली. सांगलीची मुलगी मी, हळदीच्या पेठेत वाढलेली, जरा सढळ हाताने पडली. रंग सुरेख आला, पण चव आजारी माणसाच्या दुधासारखी.

वाटी रिकामी. "ते न्हवं." दाण्यांची सालं हिरड्यांना चिकटतात, असंही म्हणाले. हे मात्र कामाचं सांगितलं. रात्रभर डोक्यात सालंच आहेत.

७ मे, रविवार

सापडलं! दाणे सोलायचेच नाहीत. कणीस किसणीवर उभं धरून किसायचं. दाण्याचा गर आणि दुधासारखा चीक खाली पडतो आणि साल कणसालाच राहते. माझं मला इतकं कौतुक वाटलं की मी ओरडलेच. वैरण कापणारा आमचा गडी गुंडा विळा घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

आणखी एक. किसून उरलेली कणसं फेकायची नाहीत. ती पाण्यात अर्धा तास उकळायची आणि त्या पाण्यात बटाटा आणि दुधी शिजवायचा. पाण्याला मक्याचा असा काही गोडवा येतो! हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मलाच सुचलं. दूध अगदी शेवटी, चूल मंद करून, मग मीठ. फुटत नाही.

मामंजींनी दोन वाट्या घेतल्या. मी दाराआडून धीर करून विचारलं, "आता?"

"मक्याची चव बराब्बर. दाट कमी हाय."

म्हणजे फक्त दाटपणा राहिला. एक दिवसाचं काम.

९ मे, मंगळवार

एक दिवसाचं नव्हतं. जोंधळ्याचं पीठ लावलं तर आंबील झाली. तांदळाचं लावलं तर पेज झाली, आणि पेजेचं नुसतं नाव घेतलं तरी मामंजी तोंड फिरवतात. (ही पेज मात्र त्यांनी संपवली, कमाल आहे.) आज लोण्यात कणीक परतून मग त्यात दूध घातलं. तेव्हा कुठं ते पळीला धरून राहायला लागलं. वर मिरी भरडून. काय दिसत होतं!

मी तर म्हणते, इटलीत असं झालं नसेल. मामंजी म्हणतात, "न्हाई. कायतरी ऱ्हातंय."

१२ मे, शुक्रवार

भिंतीच्या मध्यस्थीने बोलून माझा घसा बसला. मी परसात, ते सोप्यात, मध्ये माजघर. मी "मिरी किती?" असं ओरडायची, तिकडून "आं?" यायचं. आज सकाळी बघते तर मामंजी स्वतः खुर्ची उचलून शेवग्याखाली आले. पाठ माझ्याकडे आणि तोंड मक्याकडे, म्हणजे रीतही मोडली नाही. दाढी केलेली, डोक्याला फेटा. मला वाटलं कुठं लग्नाला निघालेत.

आता काम झपाझप होतं. एकच अडचण, मामंजी मुद्द्यावर राहत नाहीत. मी विचारलं, कांदा लोण्यात परतायचा की कच्चा शिजवायचा? तर म्हणाले, "तुजी सासू रोज सकाळी इचारायची, आज काय करू? पस्तीस वर्सं इचारलं तिनं. मी म्हनायचो, कर कायबी. आता कोन इचारतंय." कांद्याचं उत्तर शेवटी मिळालंच नाही, मी आपला परतला.

मग इटलीतला चिखल, खेचरं, एका म्हातारीने दिलेली अंजिरं, असं बारा वाजेपर्यंत चाललं. मी ऐकत ऐकत किसत होते. गोष्टी छान सांगतात हो! पण त्यात चाउडरचा पत्ता नाही. ते खाल्लं कुठं, कुणी वाढलं, विचारलं की लगेच "दवाखान्यात" एवढंच, आणि गाडी परत खेचरांवर.

आत्याबाई गोठ्याच्या दारात तोंडाला पदर लावून बसतात आणि सगळं ऐकतात.

१५ मे, सोमवार

नवं संकट. गुंडा रोज एक वाफा मका कापून म्हशींना टाकतो. वैरणीचा मका कणसं भरायच्या आधीच कापायचा असतो, ताटं निबर झाली की म्हशी चघळून टाकून देतात. बरोबरच आहे त्याचं, पण माझं काय? आज मोजले. अकराच वाफे उरलेत. आणि उरलेल्या कणसांचे दाणे रोज घट्ट होत चाललेत, चीक कमी होतोय. म्हणजे माझ्याकडे फार तर अकरा-बारा दिवस आहेत. तेवढ्यात ते 'कायतरी' सापडलंच पाहिजे.

मी गुंडाला म्हणाले, "विहिरीकडचे वाफे ठेव."

"आक्काबाईनी सांगितलंय तितनंच काप म्हून."

माझ्या मागून मामंजी, "गुंडा! हिरीकडचा मका सरकारी हाय. हात लावशील तर कोरटमार्शल."

गुंडा हसत दुसऱ्या टोकाला गेला. मीही हसले, मोठ्याने, सासऱ्यासमोर. मग लक्षात आलं तेव्हा जीभ चावली. मामंजींची पाठ हलत होती, म्हणजे तेही हसत होते.

१८ मे, गुरुवार

आज वाईट दिवस. संध्याकाळी म्हैस पान्हवलीच नाही. चरवीत चार बोटंसुद्धा दूध नाही. आत्याबाई गोठ्यातून आल्या त्या थेट माझ्या तीन दगडांपाशी. "सांगितलं हुतं का न्हवतं? दुधात मीठ, दुधात मीठ! आटली बघ म्हस! माज्या हातनं वाडलेली म्हस हाय ती!" आणि लाथेने चुलीचा एक दगड उडवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही घाबरले. म्हणजे माझा विश्वास नाही, शाळेत शास्त्र शिकलेय मी, पण म्हैस तर खरंच आटली ना? आणि कोड? मघाशी कंदिलाखाली हात धरून दोनदा पाहिले.

रात्री मामंजींनी काही खाल्लं नाही.

१९ मे, शुक्रवार

रेडकू! रेडकू! रेडकाचं दावं कुजलं होतं. दुपारी सगळे निजलेले असताना ते सुटून पोट फुटेस्तोवर प्यायलं आणि साळसूदपणे परत जागेवर येऊन उभं राहिलं. आज गुंडाने त्याला तोंडाला फेस लागलेला असतानाच रंगेहाथ पकडलं. मी इतकी नाचले की पातेलं कलंडता कलंडता राहिलं.

आत्याबाईंनी रेडकाला शिव्या दिल्या, मला काही म्हणाल्या नाहीत. मात्र दुपारी चूल पेटवायला गेले तर उडवलेला दगड परत जागेवर होता, आणि लोण्याचा गोळा वाटीत काढून झाकून ठेवलेला. रोज मागून मागून मिळतो तो.

आज परत दोन वाट्या. "त्ये न्हवं," पण खूप जवळ आहे म्हणाले.

२३ मे, मंगळवार

मामंजींना गुंडाबरोबर बैलगाडीने उंब्रजला डॉक्टरांकडे पाठवलं. वजन पावणेदोन किलो वाढलं! डॉक्टर म्हणाले दाखल करायची गरज नाही, आणि काय खायला घालता ते मला लिहून पाठवा. मामंजींनी म्हणे त्यांना सांगितलं, "आजून जमल्यालं न्हाई, जमलं की कळवतो."

हेच तर! वजनाचा आनंद झाला, खूप झाला, देवापुढे साखर ठेवली. पण जमलं कुठं? आतापर्यंत चौदा वेळा केलं. मी काल सगळी टिपणं काढून बसले. चार तारखेला तांबडं, पाचला पिवळं, अकराला पांढरंफेक. नऊ तारखेला वर पाव कुस्करलेला असायचा, सोळाला कडक बिस्किट, वीसला काहीच नाही. एकदा तर म्हणाले त्यात शेंगदाणे होते. अमेरिकन माणूस शेंगदाण्याचं कूट घालेल का? घालून पाहिलं मी! खमंग लागलं, पण उपासाची आमटी झाली. बिचाऱ्यांना आठवत नाही हो. चौतीस वर्षं झाली, तोफांचे आवाज, दवाखाना, रंग कुठून ध्यानात राहणार? म्हणून मी ठरवलंय, त्यांच्या आठवणीवर न जाता माझ्या जिभेवर जायचं. वाफे तीन उरलेत.

आणि एक युक्ती केली आहे. मामंजींच्या पलटणीतले हंबीरराव लोणंदला असतात. इटलीत दोघं बरोबर होते. त्यांना कार्ड टाकलं आहे, मामंजींच्या नावाने, 'आठवण येते, येऊन जा' असं. मामंजींना सांगितलेलं नाही. एका माणसाला आठवत नसेल तर दुसऱ्याला आठवेल. हुशार आहे की नाही मी?

२६ मे, शुक्रवार

आलं! उद्या येतो म्हणून हंबीररावांचं उलटटपाली कार्ड आलं. मामंजींच्या हातात पडलं. ते कार्ड वाचून शेवग्याखाली गप्प बसले. मला वाटलं मित्र येणार म्हणून भरून आलं असेल.

उद्यासाठी सगळ्यात कोवळी बावीस कणसं बाजूला काढलीत. आज झोप येईलसं वाटत नाही.

२७ मे, शनिवार

पेन कागदातून आरपार जातंय. रागाने.

हंबीरराव अकराच्या एसटीने आले. एक पाय ओढत चालतात, पण आवाज असा की गोठ्यातल्या म्हशी वळून बघायला लागल्या. दोघं मित्र मिठी मारून रडले. मी मन लावून केलं होतं. किसलेला मका, कणसांचं पाणी, बटाटा, दुधी, कोवळा घेवडा, लोण्यात परतलेला कांदा, शेवटी दूध, मीठ, मिरी. शेवग्याखाली वाट्या मांडल्या.

हंबीररावांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "आगं पोरी! हेच की गं ते! कुटं शिकलीस तू हे? चव्वेचाळीस साली पायात गोळी लागली तवा अमेरिकन दवाखान्यात चाळीस दिस हेच खाऊन जगलोय मी!"

मी नाचायचीच बाकी होते. म्हणाले, "पण मामंजी म्हणतात हे ते नव्हे. त्यांनी तिथंच खाल्लं ना तुमच्याबरोबर?"

"कोन, लाला?" हंबीरराव खदाखदा हसले. "लाला कुठला दवाखान्यात? त्याला तर इटलीत खरचटलंसुदिक न्हाई! मी पलटनीत म्हागारी गेलो आन ह्याला सांगाय लागलो, तर हा म्हनतुया, खोटं बोलतुयास गड्या, दुधात कवा कुनी मीठ घालतंय व्हय!"

मी मामंजींकडे पाहिलं. ते मक्याकडे बघत होते. तिथं आता मका उरलाच नव्हता, नुसती धसकटं होती.

म्हणजे त्यांनी ते कधी खाल्लंच नव्हतं! एकदाही नाही! आणि मी सोळा वेळा किसणीवर बोटं सोलून घेतली. तांबडं, पिवळं, पांढरं! शेंगदाणे! आणि मी रोज रोज बावळटासारखी टिपणं काढत बसले. पाहुणे होते म्हणून बोलले नाही. ते गेल्यावर पातेलं पालथं घातलं आणि आत येऊन बसले. थट्टा करायला सूनच सापडली का? सांगलीला निघून जावं असं वाटतंय. आईला काय सांगणार, हे कळत नाही, तरी जावंसं वाटतंय.

२८ मे, रविवार

आज मी चूल पेटवली नाही.

सकाळी मामंजी शेवग्याखाली खुर्ची टाकून बसले. मी गेले नाही. दहा वाजले, अकरा वाजले. आत्याबाईंनी पेज नेली, ती परत आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भांडी घासत राहिले. त्या बाहेर गेल्या.

साडेबाराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाकरल्याचा आवाज आला. या घरात पुरुषमाणूस सून आत असताना त्या उंबऱ्यापाशी येत नाही. मी पदर ओढून पाठ केली.

"सूनबाई," मामंजी म्हणाले. भिंतीला नाही, मला.

माझा स्वभाव, किती वेळ गप्प बसणार? फिरून म्हणाले, "एकच खरं सांगा. कसं झालं होतं?"

"लय चांगलं."

"कालचं?"

"पयल्या दिवसापास्नं."

"पहिल्या दिवशीचं तर फुटलं होतं मामंजी!"

"फुटलं हुतं व्हय? मला वाटलं आसंच आसतंय."

मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. "मग तसं का नाही सांगितलंत? त्याच दिवशी म्हणायचं होतं, हेच ते. मी रोज जीव टाकून..."

मामंजी उंबऱ्याकडे बघत होते. "हेच ते म्हनलो आसतो, तर दुसऱ्या दिशी तू कशाला आली आसतीस इचारायला?"

मी तिथंच उभी राहिले. डोक्यावरून पदर खाली आला होता, तोही वर घ्यायचं सुचलं नाही. वीस-पंचवीस दिवस डायरीत लिहिते आहे मी, रिकामी वाटी, रिकामी वाटी, आणि मला वाटत होतं मी स्वयंपाक करते आहे.

तेवढ्यात मागच्या दाराने आत्याबाई आल्या. दोन्ही हातांत धुराने काळं झालेलं ते जर्मनचं पातेलं, स्वयंपाकघरात! परवा मी बाजूला काढलेल्यातली सात-आठ कणसं उरली होती, ती त्यांनी किसली होती. किसणीने अंगठा सोललेला दिसत होता. "बसा आता दोगंबी," त्या म्हणाल्या. "उबं ऱ्हाऊन काय हुतंय? मीठ घातलंय मी. काय व्हायाचं ते व्हऊ दे, ह्या वयात कोड उठलं तर कोन बघायला येतंय?"

मामंजी उंबरा ओलांडून आत आले. पाट मीच मांडला, चुलीजवळ, त्यांच्या रोजच्या जागेपासून चार भिंती आत. आत्याबाईंचं चाउडर जरा करपलं होतं आणि मिरीऐवजी त्यांनी हिरवी मिरची ठेचून टाकली होती. मामंजींनी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघायला लागले, काय म्हणावं हे कळत नसल्यासारखे.

मी म्हणाले, "मामंजी, चांगलं झालंय म्हणा की. चांगलं म्हणालात तरी मी उद्या येणारच आहे."

त्यांनी वाटी पुढे केली. आत्याबाईंनी त्यांना एक पळी वाढली, मला वाढली, आणि मग थोडं थांबून स्वतःच्या ताटलीतही घेतलं.